डोमेन कुणाच्या नावावर?
भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये डिरेक्टी ही कंपनी काढली, ती याच मुंबईत. तिचं कार्यालय पुढे अंधेरी सबवेजवळ, जुन्या नागरदास रोडवर होतं. तिच्याच बिगरॉक या ब्रँडनं डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) छोट्या दुकानदाराच्या आवाक्यात आणलं. घाटकोपरचा फरसाणवाला असो की मुलुंडची ब्लाउज शिवणारी ताई, चार-पाच पानांच्या साइटला साधं शेअर्ड होस्टिंग भरपूर होतं. जाहिरातीतला भाव मात्र बहुतेकदा पहिल्या मुदतीपुरताच असतो. म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. एसएसएलचे, म्हणजे साइट सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे कुणी मागितले तर सरळ नकार द्या. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा ते २०१५ पासून फुकट देते. पण मला खरी काळजी वाटते ती डोमेनच्या मालकीची. साइट बनवून देणारा ओळखीचा मुलगा डोमेन स्वतःच्याच ईमेलवर नोंदवतो, पुढे नोकरीला लागतो, नंबर बदलतो. आणि बोरिवलीतल्या एखाद्या क्लासचं नाव, जे पाटीवर, पावतीवर, पत्रकांवर छापलेलं आहे, ते मुदत संपून नूतनीकरण राहिलं की हातचं जातं. हे फार वाईट आहे आणि सहज टाळता येतं. आजच त्याच्यासमोर बसून खातं उघडायला लावा, ‘रजिस्ट्रंट’च्या, म्हणजे डोमेनधारकाच्या, रकान्यात आपलं नाव, ईमेल आणि मोबाइल आहे ना ते बघा, पासवर्ड बदलून घ्या. साइटचा बॅकअपही त्याच बैठकीत पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.