दवंडी वहीत नको, गावात हवी

वऱ्हाडातल्या गावाला 'ऐका हो ऐका' ही आरोळी आणि तिच्यासोबत कडाडणारे डफडे नवे नाही. दवंडी म्हटले की आता जाहीर सूचना आठवते. पण हिंदीत डौंडी हे आजही ढोलाचेही नाव आहे. वाद्याचे नाव वर्दीला चिकटले. पुढे घरातली गोष्ट कुणी बाहेर फोडली, की त्याने 'गावभर दवंडी पिटली'. डांगोऱ्याचेही तेच झाले. या शब्दाचा सगळ्यात नवा अर्थ मात्र ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात सापडतो : 'सभेची सूचना दवंडीद्वारे देण्यात आली.' पुष्कळदा ही ओळ तेवढी लिहिली जाते, दवंडी फिरतच नाही. गावाला महाग पडतो तो हा अर्थ.

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावात ग्रामसभेची खबर आज व्हॉट्सॲपवर पडते. ज्याच्या हाती मोबाईल, त्याला ती कळते. सकाळीच निंदणाला गेलेल्या बाईला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला ती कोण सांगणार? घरकुलाच्या यादीत नाव असायला हवे ते यांचेच. ग्रामसभेची नोटीस फलकावर लावावी आणि दवंडीही द्यावी, असा नियम आहे. महाराष्ट्रात गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे दवंडी फिरली नाही, तर मूठभर माणसे सगळ्या गावाचे निर्णय घेऊन मोकळी होतात.

जप्तीच्या वेळी कायदा किती काटेकोर असतो ते पाहा. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 च्या आदेश 21, नियम 54 प्रमाणे जमीन जप्त करायची, तर तो हुकूम त्या जमिनीवर किंवा लगतच्या जागी ढोल वाजवून किंवा तिथल्या रूढ रीतीने पुकारावा लागतो. शेतकऱ्याचे वावर जाताना ढोल थेट बांधापर्यंत येतो. त्याच शेतकऱ्याला विहीर, रस्ता, रोजगाराचे काम मिळायचे असेल तेव्हा ढोल त्याच्या दारापर्यंत का येऊ नये?

ढोलाचे कौतुक आपल्याला आहेच : मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला नंगाऱ्याच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या नगाऱ्याच्या, आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय उभे आहे. 5 ऑक्टोबर 2024 रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या वास्तूचा अभिमान जरूर बाळगावा. पण याच भागातल्या तांड्यांवर ग्रामसभेची वर्दी बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत पुकारली जाते का, हेही विचारले पाहिजे.

दवंडी परत आणा म्हणताना जुनी रीत परत आणा, असे म्हणणे नाही. हे डफडे ज्यांच्या हाती होते, त्यांना गावाने मान दिला नाही. राबवून घेतले आणि वेशीबाहेर ठेवले. गावकीची अशी कामे लादणाऱ्या महार वतनाच्या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. दवंडीचे काम पुन्हा एखाद्या जातीच्या गळ्यात अडकवणे हा गुन्हाच ठरेल. पंचायतीने त्याची रोख मजुरी ठरवावी आणि ते कुणीही करावे. डफडे नको असेल तर भोंगा चालेल, पण आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला पाहिजे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती एवढीच : दवंडी संध्याकाळी, माणसे वावरातून परतल्यावर द्या. ती प्रत्येक वस्तीत आणि तांड्यावर जाऊ द्या. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिलांच्या सभेची दवंडी वेगळी द्या. प्रोसिडिंग बुकातली ओळ त्यानंतरच लिहा.