वेगळी वसाहत कोणी मागितली, कोणी लादली?

दक्षिण आफ्रिकेतील बांटुस्तानांचा विषय निघाला की काही विद्वान आम्हाला हटकून एक प्रश्न विचारतात. "तुमच्या बाबासाहेबांनीही वेगळ्या वसाहती मागितल्या होत्या ना? मग गोऱ्यांनी काय वाईट केले?" हा प्रश्न अज्ञानातून येतो की कुटिलपणातून, ते आम्ही बाजूला ठेवतो. पण चळवळीच्या कार्यकर्त्याला त्याचे उत्तर तोंडपाठ असले पाहिजे. कारण ज्या ठरावाकडे बोट दाखवले जाते, तो आमच्याच नागपुरात झाला.

आधी गोऱ्यांनी काय केले ते पाहू. १९१३ आणि १९३६ च्या जमीन कायद्यांनी बहुसंख्य काळ्या जनतेच्या वाट्याला देशाची जेमतेम १३ टक्के जमीन ठेवली. पुढे त्याच तुकड्यांना 'मायभूमी' असे गोंडस नाव दिले. १९७० च्या कायद्याने प्रत्येक काळ्या माणसाला कुठल्या ना कुठल्या मायभूमीचा नागरिक ठरवले. १९७६ साली ट्रान्सकाय 'स्वतंत्र' झाले. पाठोपाठ बोफुथात्स्वाना, वेंडा आणि सिस्काय. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला, ट्रान्सकाय कधी डोळ्यांनीही न पाहिलेला कामगार केवळ त्याच्या भाषेवरून, वंशावरून एका रात्रीत आपल्याच देशात परका झाला. खाणीत राबायला तो हवा होता, मत द्यायला नको होता. म्हणूनच जगातल्या एकाही देशाने हे स्वातंत्र्य मानले नाही. १९९४ साली वर्णद्वेषी राजवट गेली आणि या बनावट मायभूमीही गेल्या.

आता नागपूरकडे या. जुलै १९४२ मध्ये एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली येथे अखिल भारतीय परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. त्या परिषदेने अस्पृश्यांसाठी सवर्णांच्या गावांपासून स्वतंत्र गावे मागितली. का मागितली? गावकुसाबाहेर तर आमचा समाज आधीच फेकलेला होता. वस्ती वेगळी, पण पोट मात्र गावाच्या मुठीत. जमीन नाही, पाणवठा नाही. जरा मान वर केली की बहिष्कार. ही मूठ सोडवण्यासाठी सरकारी पडीक जमिनीवर स्वतःची गावे हवी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी ही मागणी पुन्हा मांडली. त्याच मसुद्यात नागरिकत्व आणि मूलभूत हक्क आहेत. म्हणजे गाव वेगळे, पण देश एकच आणि त्या देशावरचा हक्क पुरा!

फरक येथे आहे. बाबासाहेबांची वसाहत नागरिक होण्यासाठी होती, गोऱ्यांची नागरिकत्व काढून घेण्यासाठी. एक पीडितांनी मागितली, दुसरी पीडकांनी लादली.

बांटुस्तानाचा भारतीय भाऊबंद शोधायचाच असेल तर विद्वानांनी सोलापूरला जावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देण्याची सोयही कायद्याने ठेवली नव्हती. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. तेथे हजेरी होती, बाहेर पडायला पास होता, आणि गिरणीतले काम होते. मजूर हवा, नागरिक नको, हा तोच हिशेब! देश १९४७ साली स्वतंत्र झाला. तो कायदा देशभरातून उठायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. या माणसांचे स्वातंत्र्य पाच वर्षे उशिरा आले. सोलापूरकर त्या भागाला आजही 'सेटलमेंट'च म्हणतात.

तार गेली, पण कुंपण गेले काय? महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या बापजाद्यांना कोणत्याही गावाने टिकू दिले नाही, पोलिसांनी पालावरून हुसकले, त्यांनी पुरावा आणायचा कोठून? दाखला नाही म्हणून सवलत नाही, सवलत नाही म्हणून शाळा सुटते. मग पोराच्या नशिबी पुन्हा तेच पाल. गोऱ्यांनी कायदा करून जे साधले, ते आमच्या येथे कचेरीतल्या एका रकान्याने साधते.

दीक्षाभूमीवर दरवर्षी निळा सागर उसळतो. त्या सागराने आता पालाकडेही वळले पाहिजे. आमच्यातल्या शिकलेल्यांनी, वकिलांनी, निवृत्त कर्मचाऱ्यांनी आपल्या तालुक्यातला एक बेडा, एक पाल निवडावे आणि तेथल्या माणसांचे अर्ज स्वतः लिहून तहसीलमध्ये उभे राहावे. भटक्यांकडून वास्तव्याचा जुना पुरावा मागणे शासनाने बंद करावे, यासाठी एकमुखाने लढावे. १९४२ च्या नागपूरने हक्काचे गाव मागितले होते. ज्यांना अजून गावच नाही, त्यांची मागणी पुढे नेणे हे त्या नागपूरच्या वारसांचे काम आहे.