कागद आहेत, आई कुठे आहे?

‘जातिवंत’ हा मराठीतला एक फसवा शब्द आहे. गायक जातिवंत असतो, घोडा जातिवंत असतो, आणि अलीकडे गोंदियाच्या दिवाणखान्यांतून लॅब्रॅडोरचे पिल्लूही जातिवंत असते. पहिल्या ठिकाणी हा शब्द गुणाकडे निर्देश करतो, शेवटच्या ठिकाणी केवळ वंशाकडे. पण उच्चारणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ बेमालूम मिसळतात आणि पिल्लाची किंमत काही हजारांनी चढते. शब्दांचे अर्थ तपासणे हा आमचा पोटापाण्याचा व्यवसाय असल्याने या भेसळीला हरकत घेणे आम्हांला भाग आहे.

हरकत नेमकी कशाला, ते आधी स्पष्ट करतो. शुद्ध जातीचे कुत्रे पाळूच नये, असे आमचे म्हणणे नाही. श्वानांच्या बाबतीत जात ही निव्वळ थोतांड कल्पना नव्हे; पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडलेला बांधा, स्वभाव आणि कामाची ओढ तीत असते. मुधोळचा शिकारी कुत्रा आणि घरात खेळणारा पग यांतला फरक कोणी कल्पनेने निर्माण केलेला नाही. आमचा आक्षेप आहे तो ‘शुद्ध म्हणजे उत्तम’ या समीकरणाला. वर्गात फुले-आंबेडकरांवर व्याख्यान देणारी, वंशशुद्धीच्या कल्पनेची चिरफाड करणारी आमची जमात संध्याकाळी फिरायला निघाली की पिल्लाच्या आज्या-पणज्यांची नावे कौतुकाने सांगते, तेव्हा हसावे की रडावे हे कळत नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘पाळीव प्राणी’ या लेखात कुत्रेवाल्या यजमानांची जी थट्टा केली, तिच्यातला दंश आजही बोथट झालेला नाही.

‘कागद आहेत का?’ हा आपल्याकडचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न. हे कागद म्हणजे वंशावळीचे नोंदणीपत्र. लंडनच्या केनेल क्लबची स्थापना १८७३ ची. वंशनोंदींची तिथे रूढ झालेली प्रथा आपल्याकडे चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडिया चालवतो. ही नोंद उपयोगाची आहे, पण ती वंशाची आहे, आरोग्याची नव्हे. पिल्लाचा बाप कोण हे ती सांगते. त्या बापाचे खुब्याचे सांधे धड आहेत की नाहीत, हे सांगत नाही. उलट नोंदवहीचे दार बंद करून त्याच त्या कुळांत संबंध घडवत राहिले की आनुवंशिक दोषही त्याच कुळांत साचत जातात. २००८ मध्ये बीबीसीने वंशावळीच्या कुत्र्यांवरील माहितीपटात हेच दाखवले, तेव्हा इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. आमच्याकडे तो कागद अजून लॅमिनेट करून ठेवला जातो.

मग विचारायचे काय? सर्वांत आधी हे की, आई कुठे आहे? चांगला पैदासकार, म्हणजे बाजारच्या भाषेत ब्रीडर, आपल्या अंगणात पिल्लांना आईजवळ दाखवतो. तिची प्रकृती, तिचा स्वभाव, तिची झोपण्याची जागा पाहिली की दहा प्रमाणपत्रे वाचल्याइतके कळते. जो मोबाइलवर छायाचित्र पाठवतो आणि पिल्लू रेल्वे स्थानकावर किंवा बसथांब्यावर हातात देतो, तो पैदासकार नसून दलाल असण्याचीच शक्यता अधिक. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे गाव. नागपूर एका बाजूला, रायपूर दुसऱ्या बाजूला. अशा देवघेवीला इथे अडचण ती कसली?

पुढचे प्रश्न कायद्यानेच आपल्या तोंडी दिले आहेत. श्वान पैदास व विक्रीविषयीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ मध्ये आले. त्यांनुसार पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत; वर्षातून एकाहून अधिक वेळा नाही, आणि आयुष्यभरात पाच वेतांपलीकडे नाही. हे आकडे कोरडे वाटतात, पण प्रत्येक आकड्यामागे एका थकलेल्या कुत्रीचे शरीर आहे. पाच आठवड्यांचे ‘गोंडस’ पिल्लू घरी आणणारा ग्राहक आईचे दूध तर तोडतोच, शिवाय भावंडांशी खेळताना चाव्याला आवर घालण्याचे जे शिक्षण मिळते तेही तोडतो. लसीकरण अपुरे असेल तर पार्व्होने काही दिवसांत पिल्लू जाते, आणि दोष नशिबाला दिला जातो.

चांगला पैदासकार ओळखण्याची आणखी एक खूण आहे: तो स्वतःच ग्राहकाची उलटतपासणी घेतो. दिवसभर घरी कोण असते? घर भाड्याचे की स्वतःचे? सांभाळणे जमले नाही तर पिल्लू माझ्याकडेच परत आणाल का? असे विचारणारा माणूस कित्येकांना उद्धट वाटतो. आम्हांला तो एकटाच सभ्य वाटतो.

आणि मे महिन्याचे काय? गोंदियात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा थंडावा. पगचे चपटे नाक नेमके तेच अवघड करते. हच कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीने हा पग घराघरांत आणला. नाकपुड्यांची गोष्ट जाहिरातीत नव्हती. सैबेरियातल्या हस्कीला इथे एसीच्या खोलीत कोंडून ठेवणाऱ्याला श्वानप्रेमी म्हणायचे असेल तर शब्दकोश नव्याने लिहावा लागेल. धान पिकवणाऱ्या या जिल्ह्यात हस्की विकायला जो नकार देतो, त्याच्याकडून दुसरे कुठलेही पिल्लू डोळे मिटून घ्यावे.

यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले, ‘असा पैदासकार महाग पडतो.’ पडतोच. तपासण्या, लसी, आईचे खाणे यांना पैसे लागतात. स्वस्त पिल्लाची उरलेली किंमत पशुवैद्यकाकडे भरावी लागते. दुसरे, ‘मग रस्त्यावरचेच का घेऊ नये?’ जरूर घ्यावे. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याची वंशावळ विचारली नव्हती, आणि त्याला सोडून स्वर्गात जायलाही तो तयार झाला नाही. पण ज्याला विशिष्ट जातीचेच पिल्लू हवे आहे, त्याला नुसता हा उपदेश केल्याने दलालाचा धंदा थांबत नाही. गिऱ्हाईक परत फिरल्यानेच तो थांबतो.

कारण हौस फिटली की ही कुत्री कुठे जातात, हाही प्रश्न आहे. आमच्या जिल्ह्याच्या कुशीत नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आहे आणि तिथे रानकुत्री आहेत. डिस्टेंपरचा विषाणू गावच्या कुत्र्यांकडून वन्य प्राण्यांकडे जाऊ शकतो. याच विषाणूने २०१८ मध्ये गीरचे सिंह दगावले. लस न टोचलेले, सोडून दिलेले जातिवंत कुत्रे जंगलाच्या कडेला भटकते, तेव्हा त्याचे कागद कोणाच्याही उपयोगाचे नसतात.

म्हणून, पिल्लू आणायला निघालेल्या प्रत्येक सहकाऱ्याला आणि विद्यार्थ्याला आमचे एवढेच सांगणे आहे: कागद मागून पाहा, पण आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ती दाखवली नाही, तर नागपूरहून रिकाम्या हाताने परत या. घरातली मुले दोन दिवस रुसतील. त्यांना कारण सांगा, समजेल त्यांना.