नाकापेक्षा मोती जड

(द्वितीय वर्ष, कला)

दागिना कोणाला आवडत नाही? पण नथ नाकासाठी असते, नाक नथीसाठी नसते, एवढे तारतम्य आपल्या आज्यांपाशी होते. संकेतस्थळे सजवणाऱ्यांपाशी ते उरले आहे काय, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. कोणतेही संकेतस्थळ उघडावे, तर अक्षरे उजवीकडून धावत येतात, चित्रे धुक्यातून उगवतात, पान सरकवू लागले की मागचे दृश्य भलत्याच गतीने चालू लागते. आणि ज्या एका ओळीसाठी आपण आलो, ती ओळ या मिरवणुकीच्या शेवटी दमूनभागून हजर होते. या करामती पाहुण्याला मदत करतात की त्याला पिडतात? माझे मत आरंभीच सांगते. करामत जेव्हा काही सांगते तेव्हा ती मदत करते; जेव्हा ती केवळ मिरवते तेव्हा ती पिडते. आणि आज मिरवणेच फार झाले आहे.

हा रोग नवा नाही. १९९० मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिले वेबपान तयार केले तेव्हा त्यात साधा मजकूर आणि दुवे एवढेच होते. लवकरच नेटस्केप ब्राउझरने अक्षरे उघडझाप करण्याची सोय आणली, तर इंटरनेट एक्सप्लोररने अक्षरांची सरकती पट्टी आणली. उघडझाप इतकी नकोशी झाली की फायरफॉक्सने २०१३ मध्ये ती काढूनच टाकली. पुढे ‘फ्लॅश’चे युग आले. संकेतस्थळाच्या दारातच संगीतासह नाचगाणे सुरू व्हावे आणि पाहुण्याने कोपऱ्यातले ‘प्रस्तावना वगळा’ हे बटण शोधत बसावे, असा तो काळ. ज्या खेळाबरोबरच तो टाळण्याचे बटण द्यावे लागते, तो खेळ कोणासाठी होता? आयफोनने फ्लॅशला कधी थाराच दिला नाही, आणि अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार कायमचा काढून घेतला. केवळ फ्लॅशवर उभारलेली कित्येक संकेतस्थळे त्याबरोबर मुकी झाली. साध्या मजकुराची ती जुनी पाने मात्र आजही उघडतात. फॅशन मरते, मजकूर टिकतो, हा यातला धडा आहे.

पण धडा घेतो कोण? २०२५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या फोनच्या पडद्यावर काचेसारखी पारदर्शक सजावट आणली. दिसायला ती मोहक खरी. पण काचेमागचे चित्र आणि काचेवरची अक्षरे एकमेकांत मिसळून वाचता येईनात, अशा तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी काच अधिक गडद करण्याची सोय कंपनीला द्यावी लागली. जगातल्या अतिश्रीमंत कंपनीची ही कथा, तर तिचे अनुकरण करणाऱ्यांची काय कथा!

हे असे का होते? माझ्या मते, संकेतस्थळ पसंत करणारा आणि ते वापरणारा ही माणसे वेगळी असतात, हे याचे मूळ आहे. पसंत करणारे साहेब कार्यालयात मोठ्या पडद्यासमोर बसतात. तिथे नेट वेगवान असते, कामाची घाई नसते. त्यांना पाच मिनिटे गंमत पाहायची असते. वापरणारा मात्र एस. टी. स्टँडवर उभा असतो. त्याचा मोबाईल स्वस्तातला, काचेला तडा गेलेला, डोक्यावर ऊन, आणि नेटचा पॅक संपत आलेला. एक नाचरे चित्र उतरवून घेण्यात त्याचे पैसेही जातात आणि बॅटरीही जाते. मिरवणूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला!

आमच्या वस्तीत कॉलेजात जाणारी मी पहिलीच. साहजिकच शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे अर्ज भरून घ्यायला शेजारीपाजारी माझ्याकडे येतात. एका संकेतस्थळावर अर्जाची अंतिम तारीख सरकत्या पट्टीत दिलेली होती. डोळ्यांसमोरून ती निघून गेली की पुन्हा फेरी मारून येईपर्यंत वाट पाहायची. मला ते जमते. पण माझी आई चौथी शिकलेली आहे, ती ओळीवर बोट ठेवून वाचते. धावत्या अक्षरावर बोट कसे ठेवायचे? ज्या माणसाला त्या तारखेची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच्याच बोटाखालून ती तारीख पळवायची, याला सजावट म्हणायचे की चेष्टा?

शिवाय हा प्रश्न केवळ रुचीचा नाही, प्रकृतीचाही आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लखलखला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्यांना चक्कर येण्याचा विकार आहे, त्यांना सरकत्या, फिरत्या पानांनीही मळमळते. म्हणूनच संकेतस्थळांच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-नियमांत स्पष्ट सांगितले आहे की, कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त काळ हलत राहणारा मजकूर थांबवता यावा. आणि साधारण आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. आपल्याकडेही शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. म्हणजे अडचण अज्ञानाची नाही, आस्थेची आहे.

आपण मराठी वाचणाऱ्यांनी तर याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण या टुमा बहुतेक रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून निघालेल्या असतात. टंकलेखन यंत्रावर उमटल्यासारखा शब्द एकेका चिन्हाने दाखवण्याची पद्धत घ्या. संगणक वेलांटी व्यंजनानंतर मोजतो. त्यामुळे ‘विद्यार्थी’ लिहिताना आधी ‘व’ दिसतो, मग त्याच्या डावीकडे अचानक वेलांटी उगवते. ‘द’चा पाय मोडतो, मग त्याला ‘य’ चिकटतो. ‘र’ येतो आणि क्षणात रफार होऊन ‘थ’च्या डोक्यावर जाऊन बसतो. हा शब्द उमटत नाही, कोलांट्या मारतो! अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर सोडण्याची दुसरी टूम आपली शिरोरेषाच तोडते. तिसरी टूम फिक्या करड्या, बारीक अक्षरांची. त्यात अनुस्वार दिसेनासा होतो आणि ‘रंग’चा ‘रग’ व ‘वंश’चा ‘वश’ होतो. ज्या भाषेत एका टिंबाने अर्थ फिरतो, तिथे टिंब झाकणारी सजावट म्हणजे भाषेवरच घाला आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय सगळी संकेतस्थळे सरकारी परिपत्रकासारखी रुक्ष करायची?’ मुळीच नाही. सौंदर्याला माझा विरोध नाही. बटण दाबल्यावर त्याचा रंग बदलतो, तेव्हा आपले काम पोहोचले हे कळते. अर्जात चुकलेली चौकट लाल होते, तेव्हा चूक कुठे झाली हे शोधावे लागत नाही. फाईल चढताना पट्टी भरत जाते, तेव्हा धीर राहतो. याही करामतीच आहेत; पण त्या घरातल्या समंजस माणसासारख्या आहेत, हवे तेवढेच बोलतात. एखाद्या चित्रकाराने आपल्या कलेच्या संकेतस्थळावर हवी ती किमया करावी. तिथे पाहुणा किमया पाहायलाच येतो. मात्र रुग्णालयाची वेळ, परीक्षेचा निकाल, गाडीचे वेळापत्रक शोधणारा माणूस तमाशाच्या तिकिटासाठी आलेला नसतो.

हे सारे आपल्यापासून दूर नाही. उद्या आपला हाच वार्षिक अंक संकेतस्थळावर न्यायचे ठरले, तर कोणीतरी हौसेने सुचवील की पाने उलटल्याचा भास व्हावा, सोबत कागदाची सळसळही ऐकू यावी. ऐकायला छान आहे. पण अशा अंकात पुष्कळदा प्रत्येक पान म्हणजे नुसते चित्र असते. मोबाईलवर अक्षर मोठे करावे, तर ओळ पडद्याबाहेर जाते. आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला चित्रातले काही वाचता येत नाही, म्हणजे अंध विद्यार्थ्याला तो अंक कोराच. त्याऐवजी ठळक, स्थिर, काळ्या अक्षरांत सरळ मजकूर द्यावा. सळसळ नसली तरी चालेल. ज्याने वर्षभर राबून कविता लिहिली, तिची कविता वाचली गेली पाहिजे. आणि घरी ज्यांना बोट ठेवून वाचावे लागते, त्यांच्या बोटाखाली ती थांबली पाहिजे.