चोर कोणाला म्हणावे?

(द्वितीय वर्ष, कला)

माझे आबा आमच्या तालुक्याच्या मालधक्क्यावर हमाल आहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. राज्यशास्त्राच्या तासाला सर अमेरिकेच्या संघराज्याविषयी बोलू लागले तेव्हा, खरे सांगायचे तर, माझे अर्धे लक्ष खिडकीबाहेर होते. पण बोलता बोलता सर म्हणाले, की तिथे मालगाडीतून एक पोते चोरले तरी तो केंद्र सरकारचा गुन्हा ठरू शकतो. मी सावरून बसलो. पोते आणि वाघीण हा तर आमच्या घरातला विषय!

कारण उघड आहे. गाडी एका राज्यात भरते, दुसऱ्यात फोडली जाते आणि माल तिसऱ्यात विकला जातो. मग खटला चालवायचा कोणी? म्हणून १९१३ साली तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, राज्याराज्यांतून जाणाऱ्या मालाच्या चोरीसाठी केंद्राचा कायदा केला. आज त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. माल हजार डॉलरांच्या आतला असेल तर तीन वर्षांपर्यंत. सरकारी मालमत्तेच्या चोरीसाठी निराळे कलम आहे. या दुसऱ्या कलमाखालचा एक खटला सरांनी मला ग्रंथालयात बसून वाचायला लावला, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

मिशिगन राज्यात मॉरिसेट नावाचा एक माणूस होता. उन्हाळ्यात फळे विकायची, हिवाळ्यात ट्रक चालवायचा आणि भंगार गोळा करायचे, असा त्याचा संसार. १९४८ च्या डिसेंबरात तो हरणाच्या शिकारीला गेला. हरीण मिळाले नाही. त्या रानात हवाई दलाचे बॉम्बफेकीच्या सरावाचे मैदान होते. धोक्याच्या पाट्या होत्या, पण सरावात वापरून झालेल्या बॉम्बची पोकळ कवचे ढीगच्या ढीग गंजत पडली होती. निदान खर्च तरी निघेल म्हणून त्याने तीन टन कवचे ट्रकमध्ये भरली, चेपून सपाट केली आणि ८४ डॉलरांना विकली. सगळे भर दिवसा. विचारले तेव्हा सगळे सांगूनही टाकले. टाकून दिलेली वस्तू उचलली, एवढेच त्याचे म्हणणे. खालच्या न्यायाधीशांनी हे म्हणणे ज्यूरीपुढे मांडूच दिले नाही. मैदान सरकारचे, माल सरकारचा, याने तो उचलला, झाली चोरी! शिक्षा दोन महिने कैद किंवा २०० डॉलर दंड.

१९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी. न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालवणारे अमेरिकेचे मुख्य वकील ते हेच. एवढ्या मोठ्या माणसाने भंगारवाल्यासाठी किती पाने लिहावीत! मुद्दा एकच. भेसळीसारख्या नव्या गुन्ह्यांत हेतू न पाहता शिक्षा करता येईल, पण चोरी हा फार जुना गुन्हा आहे. कायद्यात 'हेतू' हा शब्द लिहिला नाही म्हणून तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवरून टळत नाही.

आता आमच्या धक्क्यावर या. पोती उतरवताना गहू सांडतो. लहानपणी आई इतर बायांबरोबर तो झाडून आणायची, निवडून दळायची. त्या पिठाच्या चपात्या मी खाल्ल्या आहेत. एकदा खाकीतल्या एका माणसाने तिची पाटी उपडी केली आणि चारचौघांत तिला चोर म्हटले. त्यानंतर ती धक्क्यावर गेली नाही.

परंतु मी एकाच बाजूने बोलणार नाही. गहू सांडावा म्हणून पोत्यात मुद्दाम आकडा खुपसणारेही असतात, आणि झाडणाऱ्यांपैकी काहींना ते ठाऊक असते. भोक मात्र दोन्ही वेळी सारखेच. फरक कसा ओळखता, असे मी आबांना विचारले. ते म्हणाले, "पोत्याकडं बघून न्हाई कळत. हाताकडं बघावं लागतं."

आपल्याकडे रेल्वेसाठी १९६६ चा केंद्रीय कायदा आहे. रेल्वेची स्वत:ची मालमत्ता आणि तिच्या ताब्यातला लोकांचा माल, दोन्ही त्यात येतात. चोरीचा असावा असा वाजवी संशय येण्याजोगा माल कोणाजवळ सापडला, तर तो रीतसर मिळाला हे त्या माणसाने सिद्ध करायचे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि खास कारण नसेल तर वर्षापेक्षा कमी नाही. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हाही सिद्ध करण्याचे हे ओझे तिथेच राहिले. उलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सरकारी मालमत्तेच्या किंवा वाहनातील मालाच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद असली, तरी चोरीच्या व्याख्येत अप्रामाणिक हेतू कायम आहे.

वाघिणी फोडणाऱ्या टोळ्यांना दया दाखवा, असे मी म्हणत नाही. व्यापाऱ्याकडे बिल असते, वकील असतो. तो सिद्ध करील. सांडलेल्या गव्हाची पावती माझ्या आईने कोणाकडून आणायची? निदान झाडून गोळा केलेल्या मूठभर मालापुरते तरी हेतू सिद्ध करण्याचे काम सरकारनेच केले पाहिजे, असे माझे मत आहे.

मॉरिसेटची गोष्ट मी आईला सांगितली. ती भांडी घासत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "किती म्हणालास? तीन टन?" मी हो म्हणालो.

"माझा तर दोन शेर बी नव्हता रे," ती म्हणाली.