कात्री कोणत्या बॅगेत? हे तिकिटासोबतच सांगा

लग्नाला विमानाने निघालेल्या घरात साडीच्या पिना, सुई-दोरा आणि छोटी कात्री एकाच डबीत असतात. ती डबी हातातल्या बॅगेत गेली की अडचण होते. भारतात टोकदार धातूची कात्री केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत चालते. सेफ्टी पिना सहसा अडवत नाहीत, पण अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या जवानाचा.

अमेरिकेत मात्र खिळ्यापासून ४ इंचांपेक्षा लहान पाते असलेली कात्री केबिनमध्ये नेता येते. युरोपात मर्यादा ६ सेंटिमीटर. त्यामुळे तिकडे चाललेली कात्री मुंबईत पुढचे विमान पकडताना अडू शकते.

नियमाला हरकत नाही, तो उशिरा कळण्याला आहे. तपासणीच्या रांगेत पोहोचेपर्यंत मोठी बॅग पुढे गेलेली असते. मग आजीची जुनी कात्री तिथेच टाकून द्यावी लागते. बुकिंगनंतर सीट आणि जेवण विकणारे मेसेज येतातच. त्यात ‘कात्री चेक-इनमध्ये, पॉवर बँक केबिनमध्ये’ ही एक ओळ मराठीतही पाठवणे विमान कंपन्यांना अवघड नाही.

तोवर टोकदार वस्तू जाड कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात. बॅग उघडून तपासणाऱ्याच्या हातालाही त्या लागू नयेत.