कपाटातला चेक



परवा केंद्रावर एक ताई आल्या. नवरा गेल्यावर कपाट आवरताना त्यांना त्याच्या दवाखान्याच्या खर्चापोटी विमा कंपनीने पाठवलेला चेक सापडला होता. तारीख केव्हाच उलटलेली. "आता ही रद्दीच ना?" त्यांनी विचारले.

नाही. 2012 पासून चेकची मुदत तीन महिने आहे. पण चेक बाद झाला म्हणून पैशावरचा हक्क बाद होत नाही. पडून राहिलेल्या रकमा शोधण्याची सोय कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. दहा वर्षे कोणी मागितली नाही तर रक्कम केंद्राच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. त्यानंतरही 25 वर्षे ती कंपनीमार्फत मागता येते.

पॉलिसीचा क्रमांक, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि स्वतःचे पासबुक जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करा. तिथे फी नाही.

विम्याचा हप्ता या ताईंच्याच काटकसरीतून भरला गेला होता. कागद मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहेत? नवऱ्याच्या मृत्यूची वाट न पाहता, ते कपाट आजच उघडू या.